मदत घेणाऱ्याने नाही म्हणू नये

रविवार, २

आज मी आमच्या इमारतीची सेक्रेटरी झाले. निवडणूक वगैरे काही नाही. मीटिंग चालू असताना माझा फोन वाजला, मी बाहेर गेले, चार मिनिटांनी परत आले तर सगळे टाळ्या वाजवत होते.

"अभिनंदन," तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले.

"कशाबद्दल?"

"बाहेर गेल्याबद्दल."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "स्वतःच्या अंथरुणाची घडी घालत नाहीस, आणि आता चोवीस घरांचा कारभार बघणार. चालू द्या."

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर माईंकडे गेले. दोन महिन्यांपूर्वी त्या बाथरूममध्ये पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरातच आहेत. मला बघितल्याबरोबर त्यांनी माझं मनगट धरलं. चांगली पकड आहे हातात.

"मुलगा तीस तारखेला येतोय. म्हणतो, आई, स्वतःच्या पायांनी खाली उतरून दाखव, मग खुशाल राहा इथे. नाहीतर सामान बांध. तिकडे अकराव्या मजल्यावर राहतो तो. म्हटलं, तिथे बोलायला कोण आहे? तर म्हणतो, आई, सिक्युरिटी आहे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"हाड जुळलंय म्हणतात. चाला म्हणतात. पण जिना बघितला ना, की पाऊलच उचलत नाही गं. तू आता सेक्रेटरी झालीस ना? मग बघ काहीतरी. मला नेऊ देऊ नकोस."

मी वचन देऊन आले. पदावर येऊन पाच तास झाले होते.

मंगळवार, ४

कल्पना सुचली. घरोघरी एक फॉर्म टाकला: "तुम्हाला रोजची कोणती छोटी मदत हवी आहे? एकच लिहावी." म्हणजे माईंना मागायला संकोच वाटणार नाही. सगळेच मागतायत म्हटल्यावर मागणाऱ्याला कसली लाज?

मिक्सरच्या किंवा इस्त्रीच्या खोक्यात जी घडी घातलेली पुस्तिका असते आणि जी कुणीही वाचत नाही, ती लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा सूचना, पायऱ्या, खबरदारी यांत माझा हात कुणी धरणार नाही.

एकोणीस फॉर्म आले. कानात गाणी लावून बसल्या बैठकीला सगळे टाइप केले. माझं टायपिंग असं आहे की शब्द डोळ्यांतून थेट बोटांत जातात, मध्ये डोकं लागत नाही. ऑफिसात याचं कौतुक होतं.

मग सगळे फॉर्म बारीक फाडून टाकले. लोकांच्या खाजगी गोष्टी आहेत त्या.

बुधवार, ५

खाली फळ्यावर नुसती नावं लावली होती, कोणाकोणाचे फॉर्म मिळाले ते कळावं म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दुसऱ्या कुणाकडून तरी यादी वाचून घेऊन माझ्या दारात हजर.

"माझं नाव अकरावं?"

"बाई, फॉर्म आले त्या क्रमाने..."

"या इमारतीत मी पहिल्या दिवसापासून आहे. अकरावं?"

"मग कसं लावू?"

"बाराखडीप्रमाणे. निदान अपमान करायची काही पद्धत असावी."

त्यांनी मला चौथीत शिकवलंय. त्यांच्यासमोर माझे गुडघे आपोआप जुळतात. लगेच आडनावांचा कॉलम निवडला आणि सॉर्ट दाबलं. कंप्युटरने मध्येच काहीतरी विचारलं, बाकीच्या कॉलमांचं काय करू वगैरे. मी जे पहिलं बटण दिसलं ते दाबलं. त्याला सारखंच काहीतरी विचारायचं असतं.

बाई आता नवव्या. "बरं," म्हणाल्या.

गुरुवार, ६

आज यादी पहिल्यांदा नीट वाचली, आणि माणसांबद्दलची माझी सगळी मतं बदलली. आपण शेजारी राहतो, जिन्यात हसतो, पण कुणाच्या मनात काय आहे ते आपल्याला ओ की ठो कळत नसतं!

शिंपीकाकांना रोज कुणीतरी पेपर वाचून दाखवायला हवंय. पहिल्या मजल्यावरच्या बाळाच्या आईला जिना चढता-उतरताना हात धरणारं माणूस हवंय. सव्वीस वर्षांची धडधाकट बाई! आतून किती खचली असेल. आणि हवालदारकाका, पोलिसातून रिटायर झालेले, एकटे राहणारे, ज्यांच्या दारावर 'विचार करून वाजवा' अशी पाटी आहे, ते म्हणतात, 'रोज वीस सुयांत दोरा ओवून द्यावा.' मी ती ओळ तीनदा वाचली. त्या मिशांमागे शिवणकाम होतं!

माईंनी मात्र पायाबद्दल काहीच लिहिलं नाही. त्यांना हवंय 'दुपारी तासभर बाळ.' मला वाटलं होतं त्या जिन्याचं काही मागतील. पण नातवंड लांब असेल तर जीव तिकडेच जाणार ना. मी कोण ठरवणार?

फक्त मास्तरीणबाईंची मागणी त्यांना शोभणारी आहे: 'काही नको. माझ्या दाराची बेल वाजवू नये. दारात उभं राहून गप्पाही मारू नयेत.'

कुणी कुणाकडे जायचं त्याच्या चिठ्ठ्या केल्या. खाली दोन नियम लिहिले. एक: मदत करणाऱ्याने कारण विचारू नये. दोन: मदत घेणाऱ्याने नाही म्हणू नये. आपल्याकडे माणूस आधी तीनदा नको-नको म्हणतो, त्यात सगळा वेळ जातो, म्हणून दुसरा नियम.

शनिवार, ८

पहिला दिवस!

माझी आई पहिल्या मजल्यावरचं बाळ घेऊन माईंकडे गेली. माई म्हणाल्या, "अगं, पण मी तर..." तेवढ्यात बाळाने त्यांचा चष्मा ओढला. मग म्हणाल्या, "बरं, राहू दे." बाळ दहा महिन्यांचं आहे आणि कुणाच्याही हातात टिकत नाही.

शिंपीकाकांचा पेपर मी स्वतःकडे घेतला. ते मशीनवर होते.

"मला वाचता येतं गं पोरी."

"काका, नियम दोन."

"मोठं अक्षर दिसतं मला. ते बारीक..."

"म्हणून तर वाचतेय. तुम्ही शिवा."

त्यांनी काहीतरी पुटपुटत सुई उजेडात धरली. मी अग्रलेखापासून सुरुवात केली. दहा मिनिटांनी म्हणाले, "हे नको. हरवले-सापडले वाच." त्यातल्या एका हरवलेल्या पोपटाने ते फार बेचैन झाले.

हवालदारकाकांकडे चौथ्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरला पाठवलं होतं. त्यानेच येऊन सांगितलं. काकांनी दार उघडलं, दोन मिनिटं बघत राहिले. "काय आहे?" "सुया ओवायला आलोय." "कुठल्या सुया?" "ते मी विचारायचं नाही." शेवटी काकांनी घर पालथं घालून एक गंजलेली सुई काढली. ड्रायव्हरने ती वीस वेळा ओवली. नियम म्हणजे नियम.

सोमवार, १०

संध्याकाळी सहाला जिन्यातून आवाज: "डावा! उजवा! वळणावर कठडा!" हवालदारकाका बाळाच्या आईचा हात धरून तिला उतरवत होते. तिच्या वाट्याला मी त्यांनाच दिलंय, दणकट माणूस म्हणून.

ती मला बघून म्हणाली, "ताई, मी झोप मागितली होती. कवायत मिळाली."

मी हसले. झोप कुणी कुणाला देऊ शकतं का? विनोदी आहे पण. खचलेली माणसं असतातच विनोदी.

गुरुवार, १३

तिसऱ्या मजल्यावर सगळे चवड्यांवर चालतात. मला फार अभिमान वाटला. एवढे दंगेखोर लोक, पण मास्तरीणबाईंच्या दाराजवळ आले की चपला हातात.

बाई दुपारी चारला दार उघडून उभ्या असतात. हातात घडी घातलेला पेपर. आज मला बघून काही बोलणार होत्या, पण मी लांबूनच हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच सटकले. त्यांना कळलं असेल, त्यांची शांतता आम्ही किती जपतो ते.

शिंपीकाकांकडे तीन गिऱ्हाइकं पँटी परत घेऊन आली. खिसे शिवून बंद झालेत. काका म्हणाले, "सुईत दोरा जाईना, मग घाईत होतं असं." मी त्यांना हवामानाचा अंदाज वाचून दाखवला.

रविवार, १६

घोळ झाला असता आज. बाळ रांगत रांगत माईंच्या पलंगाखाली गेलं आणि तिथून बटण तोंडात घालून बाहेर आलं. आई ओट्याशी पाणी प्यायला गेली होती. ती धावत येईपर्यंत माई वॉकर न घेता खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पोचून, बोट घालून बटण बाहेर काढून, बाळाला रागावतसुद्धा होत्या.

आई म्हणाली, "माई, वॉकर कुठे आहे तुमचा?"

माईंनी मागे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

मला भयंकर काळजी वाटते. चौदा दिवस राहिलेत आणि त्या पायाकडे लक्षच देत नाहीत. दिवसभर बाळामागे फिरत असतात. मुलगा काय म्हणेल?

बुधवार, १९

माईंना सरळ विचारलं, "जिन्याचं काय?" त्यांचा चेहरा उतरला. "ते नंतर बघू." आणि लगेच, "त्याला चार दात आलेत, बघितलेस?"

मी कसली सेक्रेटरी. अख्ख्या इमारतीला हवं ते मिळवून दिलं, आणि जिच्यासाठी सुरू केलं तिला मात्र भलतंच हवं होतं.

गुरुवार, २०

मास्तरीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी ते बोट धरून खाली केलं.

"मी काय गुन्हा केलाय?"

"बाई?"

"गेले दोन आठवडे या मजल्यावर कुणी माझ्याशी बोलत नाही. मी दारात आले की माणसं पाय उचलून पळतात. त्या ड्रायव्हरने तर परवा मला बघून श्वास रोखला. फॉर्म भरला तो विनोद म्हणून का? डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं. नवा चष्मा येईपर्यंत अक्षर दिसत नाही. कुणीतरी पेपर वाचून दाखवा, एवढंच लिहिलं होतं. तेही शेजारणीला सांगून लिहून घेतलं. एवढं जास्त झालं?"

मी म्हटलं, "पेपर तर शिंपीकाकांना..."

आणि मला ते बाराखडीचं बटण आठवलं.

वर पळाले, लॅपटॉप उघडला. नावं बाराखडीप्रमाणे सरकली होती. मागण्या जागच्या जागी होत्या. एकोणीस माणसं, एकोणीस मागण्या, आणि एकाचाही एकाशी संबंध नाही. बेल वाजवू नका हे हवालदारकाकांचं. सुया शिंपीकाकांच्या. 'दुपारी तासभर बाळ' हे बाळाच्या आईचं, म्हणजे कुणीतरी सांभाळा, मला झोपता येईल. आणि 'रोज वीस मिनिटं जिना चढता-उतरताना हात धरावा,' ही माईंची ओळ. सगळ्यात पहिला फॉर्म त्यांचा होता.

आईला सांगितलं. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "तरीच. मी म्हटलं हवालदार आणि सुया?"

"मग बोलली का नाहीस?"

"कारण विचारू नये म्हणून तूच लिहिलं होतंस ना."

बाईंकडे गेले. माफी मागितली. टेबलावर चौदा पेपर तारखेप्रमाणे रचून ठेवले होते. मी वरचा उचलला.

"जुन्यापासून सुरू कर," त्या म्हणाल्या. "जगाचं काय झालं ते मला क्रमाने कळू दे. आणि स्पष्ट वाच. चौथीतही गिळायचीस तू शब्द."

चार पेपर झाले. घसा बसलाय.

शुक्रवार, २१

चूक दुरुस्त करायला निघाले आणि तोंडघशी पडले. कुणाला दुरुस्ती नकोच आहे!

हवालदारकाकांना म्हटलं, तुम्हाला त्रास झाला, उद्यापासून कुणी बेल वाजवणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर येणार नाही? का? त्याने काय केलं?" टेबलावर सुयांची तीन नवी पाकिटं होती.

"काका, सुया शिंपीकाकांना हव्या होत्या."

"मग आम्ही ओवून त्याला नेऊन देऊ. त्यात काय? तू मध्ये पडू नकोस."

शिंपीकाका म्हणाले, सुया आल्या तर उत्तमच, पण हरवले-सापडलेसुद्धा चालू ठेव, पोपटाचं काय झालं ते कळलेलं नाही. बाळाची आई म्हणाली, "बाळ माईंकडे असतं तेव्हा मी झोपते. आणि सहाची कवायत काढलीत ना, तर मी रडेन. दिवसात तेवढीच वीस मिनिटं मी बाहेरची हवा खाते."

माईंपाशी कबुली दिली. त्या म्हणाल्या, "माहीत होतं मला. पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"जिना आला असता ना मग." खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आता नऊच दिवस राहिले, नाही?"

सोमवार, २४

सगळी इमारत माईंच्या मागे लागली आहे. हवालदारकाकांनी "डावा!" म्हटलं की माईंचे दोन्ही पाय जागीच थिजतात. ड्रायव्हर म्हणाला, हळूहळू क्लच सोडल्यासारखं करा. बाळाच्या आईने पाठीवर हात फिरवला. मी सूचना लिहून भिंतीवर लावल्या: पायरी १, पायरी २. आज एक पायरी उतरल्या. मग कठड्याला मिठी मारून म्हणाल्या, "मला घरात न्या."

एक पायरी. एकूण चव्वेचाळीस आहेत. मी मोजल्या.

शुक्रवार, २८

तीन पायऱ्या. घरात एवढ्या फिरतात की आई दमते, पण जिन्यापाशी आल्या की वेगळीच बाई. "खाली बघितलं की मीच पडलेली दिसते मला," म्हणाल्या.

रात्रीचं जेवण गेलं नाही. मास्तरीणबाईंचा शेवटचा पेपर वाचून संपवला. त्यांनी माईंबद्दल बारीकसारीक सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढी माणसं हात पुढे करून उभी राहिली, तर तिने तरी काय करायचं?" मला त्याचा अर्थ लागला नाही. हात पुढे करू नये तर काय पाय करावेत?

त्यांचा नवा चष्मा आज दुपारी आला म्हणे. माझी ड्यूटी संपली.

रविवार, ३०

हे सगळं नीट लिहून ठेवते, कारण काही गोष्टी मला अजून कळलेल्या नाहीत.

मुलगा सकाळी दहाला आला. सभ्य माणूस आहे, तेच वाईट आहे. ओरडला असता तर भांडता आलं असतं. त्याने माईंच्या पाया पडून, घोटभर पाणी पिऊन, रिकामी बॅग पलंगावर ठेवली आणि म्हणाला, "आई, मला तुला जबरदस्तीने न्यायचं नाहीये. पण तिकडे मला झोप लागत नाही गं. फोन वाजला की वाटतं, परत पडली."

माई उठल्या. वॉकर बाजूला ठेवून दाराबाहेर आल्या.

जिन्यात आम्ही सगळे. दर दोन पायऱ्यांना एक माणूस, प्रत्येकाचा हात पुढे. हवालदारकाका सगळ्यात खाली, पडल्या तर झेलायला. शिंपीकाकांनी दुकानातून कापसाच्या दोन उशा आणून वळणावर ठेवल्या होत्या. माईंनी त्या उशांकडे बघितलं आणि पांढऱ्या पडल्या.

एक पायरी. दुसरी. कठडा धरून थांबल्या. एक मिनिट. दोन मिनिटं.

"राहू दे आई," मुलगा हळूच म्हणाला. "ये परत."

तेवढ्यात वरून आवाज आला. "कोण आहे का तिथे? मला खाली न्या कुणीतरी. मला दिसत नाहीये."

मास्तरीणबाई. कठडा चाचपत तिसऱ्या मजल्यावरून उतरत होत्या, चष्म्याशिवाय. सगळे त्यांच्याकडे धावले. ड्रायव्हरने तर दोन्ही हात धरले.

"सोडा!" त्या कडाडल्या. "तुम्ही मला ढकलाल. तुम्हाला घाई असते. माई आहेत का? माई, तुमचा हात द्या. तुम्ही सावकाश चालता."

"मी?" माई म्हणाल्या. "अहो, मलाच..."

"मग काय मी इथेच उभी राहू? हा पाय कुठे ठेवू? पुढे पायरी आहे की नाही?"

आणि बाईंनी तो पाय खरोखर हवेत पुढे टाकला. माईंनी झपकन त्यांचा दंड पकडला. "थांबा, थांबा! पडाल! आहे पायरी. हं, ठेवा. आता दुसरा."

"किती राहिल्या?"

"ते नका बघू. ही एक. ठेवा. हळू. इथे कोपरा थोडा तुटलाय, भिंतीकडून या. अहो, त्या उशा उचला आधी कुणीतरी, बाई अडखळतील!"

आम्ही उशा उचलल्या. आम्ही बाजूला झालो. हवालदारकाका झेलायच्या पवित्र्यात मागे मागे सरकत फाटकापर्यंत गेले. मुलगा वरच उभा होता, कठड्यावरून वाकून बघत. माईंनी एकदाही वर बघितलं नाही. त्यांना बाईंचे पाय सांभाळायचे होते.

खाली पोचल्यावर मास्तरीणबाईंनी दंड सोडवून घेतला, मान वर केली आणि दोन मजले वर उभ्या असलेल्या मुलाला म्हणाल्या, "तुझ्या शर्टाचं तिसरं बटण तुटलंय. खाली ये, शिंपी लावून देईल."

मला हे समजत नाही. परवाच नवा चष्मा आलेला असताना आज दिसत कसं नव्हतं? आणि चष्मा नसताना बटण कसं दिसलं? ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना लांबचं आधी दिसत असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

मुलगा खाली आला. रडला होता बहुतेक, किंवा जिन्यात धूळ होती. शिंपीकाकांनी शर्ट काढायला लावला. तो बनियनवर बाकड्यावर बसला आणि ड्रायव्हरने खिशातून ओवलेली सुई काढून दिली.

"आई," तो म्हणाला, "चल आता वर. दमली असशील. चारची गाडी आहे माझी, मला निघायचंय."

माई दुकानाबाहेर उन्हात स्टुलावर बसल्या होत्या. तीन महिन्यांनी. बाळ मांडीवर होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलकडे त्या दोघांचंही बोट जात होतं.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मला काय घाई आहे? मी आत्ताच तर आले."